फोटोग्राफीचा क्लास लावलाय? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा

बेसिक क्लासच्या पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, कॅमेरा कुठला घेऊ. माझं मत विचाराल तर आत्ता काहीच घेऊ नका, घरात जो आहे तो घेऊन जा, भावाचा जुना डीएसएलआर असेल तर तो, नाहीतर मोबाइल. फक्त मोबाइलमध्ये प्रो मोड आहे का ते बघा, म्हणजे शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) आपल्या हातानं बदलता आलं पाहिजे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, ज्यातून उजेड आत येतो) बहुतेक मोबाइलमध्ये फिक्स असतं, तेवढा भाग क्लासमध्ये कोणाचा तरी कॅमेरा हातात घेऊन शिकून घ्या, लोक देतात. दोन-तीन महिन्यांनी तुम्हाला नक्की काय काढायला आवडतं ते कळलेलं असतं आणि मग खरेदी करा, कारण पक्षी काढणाऱ्याची लेन्स आणि घरातली पोरं काढणाऱ्याची लेन्स यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता मुद्द्याचं. क्लासमध्ये एका तासात अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, मीटरिंग, व्हाइट बॅलन्स असं सगळं कानावर येतं, वहीत सगळं उतरवलं जातं, आणि घरी येऊन कॅमेरा हातात घेतला की काहीच सुचत नाही. माझं अगदी हेच झालं होतं. मी एक फोटो काढायचे, आवडला नाही की चार सेटिंग एकदम बदलायचे, दुसरा फोटो वेगळा यायचा पण कशामुळे वेगळा आला ते कळायचं नाही. मग मॅडमनी सांगितलं की खिडकीजवळ एक कप ठेव, कॅमेरा एका जागी टेकव आणि आज फक्त अ‍ॅपर्चर बदल. बाकी काही नाही. त्या एका संध्याकाळी मला जेवढं समजलं तेवढं आधीच्या तीन तासांत समजलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना तेच सांगते, एक वस्तू, एक जागा, एक बदल.

तर तो कपाचा सराव असा करा. कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर टाका, म्हणजे अ‍ॅपर्चर तुमच्या हातात आणि शटर कॅमेरा ठरवतो. कपाच्या मागे चार-पाच फुटांवर काहीतरी डिझाइन असलेलं ठेवा, पडदा किंवा पुस्तकांची रांग. कपावर फोकस करा आणि एफ २.८ ला एक फोटो, मग ४, ५.६, ८, ११, १६. लेन्स २.८ पर्यंत जात नसेल तर जिथून सुरू होते तिथून. आता फोटो ओळीनं बघा, मागची पुस्तकं आधी नुसते रंगाचे डाग असतात आणि हळूहळू त्यांची नावं वाचता यायला लागतात. आकडा मोठा तर भोक लहान हे उलटं का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि त्याचं उत्तर अगदी सरळ आहे, तो आकडा म्हणजे भागाकार आहे. ५० मिमीच्या लेन्सला एफ २ म्हणजे ५० भागिले २, भोक २५ मिमीचं, आणि एफ १० म्हणजे ५० भागिले १०, फक्त ५ मिमी. एकदा हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच कपाजवळ कोणालातरी हात हलवायला सांगा आणि फक्त शटर बदला, १/१५, १/६०, १/२५०, १/१००० सेकंद. शटर मोड लावा, त्यात उरलेला हिशोब कॅमेरा करतो, फक्त प्रकाश कमी असेल तर आयएसओ ऑटोवर ठेवा. शांत बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं, पळणाऱ्या पोराला १/५०० तरी लागतं. हातात कॅमेरा धरून काढताना एक जुना नियम आहे, लेन्स जितक्या मिमीची तितक्या आकड्याचं शटर, म्हणजे २०० मिमीला किमान १/२००, आणि लहान सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा असेल तर त्याच्या दीडपट, १/३०० च्या आसपास. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर याच्या खाली जाता येतं, पण तो तुमचा हात सांभाळतो, समोरचं पळणारं पोर नाही.

इथे थोडं थांबते, कारण क्लासमध्ये सगळ्यात जास्त तक्रार हीच येते, माझे फोटो शार्प येत नाहीत. "शार्प नाही" हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हीची औषधं वेगळी. फोटो स्क्रीनवर शंभर टक्के झूम करा आणि नीट बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, भिंतसुद्धा, तर तुमचा हात हलला, शटर वेगवान करा किंवा कोपर पोटाशी टेकवा. भिंत स्वच्छ आहे आणि फक्त माणूस पुसट आहे तर माणूस हलला, इथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, शटरच वेगवान करावं लागेल. आणि डोळे मऊ आहेत पण कान किंवा मागचा पडदा एकदम कडक आलाय, तर फोकस चुकला, मग फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, स्वतः एक पॉइंट घेऊन जवळच्या डोळ्यावर ठेवा. मी पहिले कितीतरी दिवस फोकस चुकतोय असं समजून लेन्सला दोष देत होते आणि प्रत्यक्षात शटर १/३० वर होतं.

आयएसओबद्दल लांबण लावत नाही. वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये धडपणे सरळ होत नाही. आणि तिन्ही गोष्टी एकाच तराजूत आहेत हे लक्षात ठेवा, एफ ४ वरून ५.६ ला गेलात तर प्रकाश निम्मा होतो, मग शटर १/२५० वरून १/१२५ करा किंवा आयएसओ ४०० वरून ८०० करा, फोटो पुन्हा तेवढाच उजळ.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. एक पांढरा रुमाल घ्या आणि एक काळी बॅग. दोन्ही खिडकीजवळ, सारख्याच उजेडात. ऑटोवर किंवा ए मोडवर पूर्ण फ्रेम भरून आधी रुमालाचा फोटो काढा, मग बॅगेचा. दोन्ही शेजारी ठेवून बघा, रुमाल मळकट राखाडी आलेला असेल आणि बॅग पण राखाडी, फिकी, धुवून रंग गेल्यासारखी. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीतच नसतं, उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो की जग सरासरी मधल्या राखाडी रंगाचं आहे आणि समोरचं सगळं त्या राखाडीवर आणून ठेवतो. म्हणून पांढऱ्या कपड्यातला माणूस किंवा बर्फ काळपट येतो, आणि अंधाऱ्या स्टेजवरच्या गायकाचा चेहरा पांढराफट्ट जळून जातो. उपाय म्हणजे ते प्लस मायनसचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्यासाठी प्लस १ किंवा जास्त, काळ्यासाठी मायनस १. उलटं वाटतं, पण रुमाल आणि बॅग स्वतः काढून बघितलेत की परत कधी विसरणार नाही.

प्रकाशाची दिशा मात्र वहीत शिकता येत नाही. घरातल्या कोणालातरी खिडकीच्या बाजूला खुर्चीत बसवा, खोलीतला दिवा बंद करा, हे महत्त्वाचं आहे, कारण खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या. भर दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक), पिवळा बल्ब २७०० ते ३०००, आणि कॅमेरा एका वेळी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, पकडू शकतो. मग त्या माणसाला हळूहळू चेहरा फिरवायला सांगा, आधी खिडकीकडे सरळ, मग थोडा बाजूला, मग पूर्ण आडवा, आणि प्रत्येक वेळी एक फोटो. नाकाची सावली कुठे पडते तेवढंच बघत राहा. खिडकीकडे सरळ बघताना चेहरा सपाट दिसतो, थोडा वळला की गालाची हाडं, सुरकुत्या, डोळ्यातली चमक सगळं जागं होतं. मी आजीवर हे केलं, एक स्टेप केली की ती विचारायची झालं का, आणि त्या झालं का म्हणतानाच्या फोटोत तिचा चेहरा सगळ्यात चांगला आलाय.

एडिटिंगकडे येऊ. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा एक फोटो, तोही १०० बाय १०० पिक्सेलचा ब्लॅक अँड व्हाइट, कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आपण तेवढ्या वेळात चाळीस फोटो काढतो, म्हणून एडिटिंगचं पहिलं काम म्हणजे स्लायडर ओढणं नाही, निवडणं. एका प्रसंगाचा एक फोटो ठेवा, फार तर दोन. निवडताना अजिबात एडिट करू नका, नाहीतर पहिल्याच फोटोवर अर्धा तास जातो आणि खरा चांगला फोटो खाली पडून राहतो.

कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरनं टिपलेला कच्चा डेटा असलेली फाइल) असेल तर शिकताना रॉ प्लस जेपेग दोन्ही ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सावली उजळवताना रॉ तुटत नाही आणि जेपेगमध्ये आकाशात पट्टे दिसायला लागतात. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर क्लासमध्ये लाइटरूम शिकवत असतील तर तेच वापरा, फुकटचं हवं असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत, गिम्प आहे, मोबाइलवर स्नॅपसीड. बटणं वेगळ्या जागी असतात, काम तेच.

क्रम मी असा ठेवते. आधी क्षितिज किंवा दाराची चौकट सरळ करायची, मग क्रॉप, मग व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट आणि शॅडो, मग कॉन्ट्रास्ट, रंग त्यानंतर, आणि शार्पनिंग अगदी शेवटी. रंग आधी ओढले तर नंतर व्हाइट बॅलन्स बदलला की सगळं परत करावं लागतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठे किती भाग आहे ते दाखवणारा आलेख, कोपऱ्यात उघडा ठेवा, डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथला भाग जळालाय, आणि पूर्ण जळालेल्या जागी काही तपशील उरलेलाच नसतो, तो कुठून आणणार. सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्सनं सुरुवात करा, ते आधीच गडद असलेल्या रंगांना आणि त्वचेला कमी हात लावतं.

आजीचाच फोटो मी पहिल्यांदा एडिट केला तेव्हा तिचा अर्धा चेहरा सावलीत होता, म्हणून मी शॅडोचा स्लायडर थेट १०० वर नेला, सगळं दिसायला लागलं, मला फार छान वाटलं. मॅडमनी बघितला, काही बोलल्या नाहीत, स्लायडर शून्यावर आणला आणि हळूहळू पुढे नेत २० वर थांबवला. मग म्हणाल्या, "आता ती खिडकीशी बसलीये." खरंच, माझ्या फोटोत खिडकी गायबच झाली होती, उजेड कुठून येतोय तेच कळत नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही स्लायडर आधी नको इतका ओढते, मग डोळ्याला खटकणं बंद होईपर्यंत मागे आणते, आणि त्याच्याही थोडं मागे. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघते, रात्री बरोबर वाटलेला पिवळेपणा सकाळी लगेच दिसतो. स्क्रीनचा नाइट मोड बंद ठेवायला विसरू नका.

सेव्ह करताना सांभाळा. मी एकदा फोटो शेअर करायला लहान केला आणि त्याच नावानं सेव्ह केला, मूळ मोठी फाइल त्याच्याखाली गेली ती गेलीच, आता तो फोटो माझ्याकडे फक्त १०८० पिक्सेलचा आहे. एक्स्पोर्ट नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावानं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि तेही फोटो दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी झालेत हे उघडून बघितल्यावर.

क्लासमध्ये फोटो दाखवताना तीनच न्या आणि प्रत्येकाचं शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ बघून ठेवा, ते फाइलमध्ये लिहिलेलं असतं. "कसा आहे" असं विचारलं की सगळे छान म्हणतात. "मला पाण्याची धार दुधासारखी हवी होती, १/१५ ला नाही आली" असं विचारलंत की उत्तर मिळतं, शटर एक सेकंदापर्यंत खाली ने, ट्रायपॉड लाव.

आणि निदान एक फोटो प्रिंट करा. ६ बाय ४ इंचाला ३०० डीपीआयनं १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे कुठलाही मोबाइल पुरतो. एक्स्पोर्टला कलर स्पेस (रंगांची व्याप्ती) एसआरजीबी ठेवा. पहिला प्रिंट काळपट आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस फुल असतो, तो निम्म्यावर आणा, फोटो पुन्हा थोडा उजळवा आणि परत एकच कॉपी काढून खिडकीच्या उजेडात धरून बघा, बरोबर वाटली की मग बाकीच्या काढा.