ग्नूकॅशची फाईल दोन कॉम्प्युटरवर वापरताय? या चुका टाळा

घरचा हिशोब आम्ही ग्नूकॅश या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये ठेवतो. मी डेस्कटॉपवर लिहिते आणि नवरा त्याच्या लॅपटॉपवर, फाईल एकच, ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून दोन्ही कॉम्प्युटरवर सारखा ठेवला (सिंक होत) जाणाऱ्या फोल्डरमध्ये. गणपतीत मी किराणा आणि फुलवाल्याच्या एंट्र्या टाकल्या आणि फाईल तशीच उघडी ठेवून आरतीला उठले, तिकडे त्याने लाईट बिल टाकून सेव्ह केलं, रात्री मीही सेव्ह केलं, आणि सकाळी बघते तर 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची दुसरी फाईल. एकीत किराणा, दुसरीत लाईट बिल. ग्नूकॅश दोन फाईली जोडून देत नाही, त्यामुळे ज्या फाईलमध्ये नव्या एंट्र्या कमी होत्या त्या बघून बघून दुसरीत हाताने टाकाव्या लागल्या.

त्याला उघडताना वॉर्निंग आली होती बरं का. फाईल उघडली की ग्नूकॅश शेजारी 'एलसीके' अशी छोटी लॉक फाईल बनवतं, ती पण सिंक होते, म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉक मिळत नाही असा मेसेज येतो. तिथे सगळे 'ओपन एनीवे' दाबतात. नका दाबू! आधी घरात विचारा, "तुझ्याकडे चालू आहे का?" नुसतं बघायचं असेल तर 'ओपन रीड-ओन्ली' आहेच. कधीकधी प्रोग्राम मध्येच क्रॅश झालेला असतो आणि जुनी लॉक फाईल पडून राहते, तेव्हा दोन्हीकडे ग्नूकॅश बंद आहे हे डोळ्यांनी बघा, मगच ती उडवा.

आणि सिंक पूर्ण व्हायच्या आत लॅपटॉपचं झाकण मिटू नका. सेव्ह करा, ग्नूकॅश बंद करा, ड्रॉपबॉक्सची हिरवी टिक आली की उठा. दुसऱ्या मशीनवर बसलात की तिथेही आधी टिक बघा, मग उघडा.

पहिल्यांदा सेव्ह करताना फाईलचा प्रकार एक्सएमएल की एसक्यूलाईट असं विचारतं. क्लाउड फोल्डरसाठी माझं मत ठामपणे एक्सएमएलच. ती सेव्ह होते तेव्हाच लिहिली जाते. एसक्यूलाईटमध्ये प्रत्येक एंट्री लगेच फाईलमध्ये जाते, म्हणजे अर्धवट लिहिलेली असतानाच सिंक उचलू शकतं, शिवाय तारखेचे बॅकअपही तिथे बनत नाहीत.

दोन्हीकडे व्हर्जन एकच ठेवा, नव्याने सेव्ह केलेली फाईल जुन्याला कधीकधी उघडत नाही. सेव्ह केलेले रिपोर्ट आणि सेटिंग हिशोबाच्या फाईलमध्ये नसतात, ते त्या त्या कॉम्प्युटरवरच राहतात, तेव्हा लॅपटॉपवर रिपोर्ट दिसला नाही तर घाबरू नका. बिलांच्या पीडीएफ जोडल्या असतील तर त्याही याच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रेफरन्सेसमध्ये लिंक्ड फाईल्सचा पाथ प्रत्येक मशीनवर नीट भरा, नाहीतर लिंक तुटतात.

ग्नूकॅशच्या फाईलला पासवर्ड नसतो, हेही लक्षात ठेवा. फोल्डरची लिंक ज्याच्या हाती लागेल तो तुमचा सगळा हिशोब वाचू शकतो. आम्ही फोल्डर क्रिप्टोमेटरमध्ये (फाईली पासवर्डने कुलूपबंद करणारा प्रोग्राम) टाकलाय आणि ड्रॉपबॉक्सला टू-स्टेप लावलंय, म्हणजे लॉगिनला पासवर्डसोबत कोडही लागतो.

फोल्डरमध्ये तारीख-वेळ लावलेल्या ढीगभर फाईली दिसतात, त्या कचरा समजून उडवू नका. ते बॅकअप आणि लॉग (केलेल्या बदलांची नोंद) आहेत, सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस राहतात. एंट्र्या गेल्या तर आधी सगळ्या फोल्डरची कॉपी काढा, मग शेवटचा चांगला बॅकअप उघडून फाईल, इम्पोर्ट, 'रीप्ले ग्नूकॅश लॉग फाईल' असं जा आणि त्या बॅकअपनंतरचे लॉग तारखेच्या क्रमाने एकेक करून द्या. शेवटी बँकेच्या पासबुकाशी बॅलन्स जुळवा, जुळला की नव्या नावाने सेव्ह करा.