चिकणमातीवर कृत्रिम गवत टाकणार असाल तर आधी हे वाचा

कृत्रिम गवताच्या कामात नव्याने शिरला असाल तरी रोल कसा उलगडायचा, सगळ्या तुकड्यांच्या पात्यांचा कल एकाच बाजूला कसा ठेवायचा, जोडपट्टीवर गोंद कसा ओढायचा, हे एव्हाना माहीत झालं असेल. ते चार कामांत हाताला बसतं. चिकणमातीचं अंगण मात्र वेगळं प्रकरण आहे आणि ते समजावून सांगायला सहसा कुणी थांबत नाही. मी शिकत होते तेव्हा ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: गवताच्या पाठीला भोकं असतात, पाणी आपोआप जातं. यावर विसंबू नका. भोकांतून पाणी खाली जातं हे खरं, पण खाली गेल्यावर ते कुठे जातं?

सगळी कामं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण चार-सहा इंच माती काढतो आणि तिथे खडी भरतो. रेताड जमिनीत खडीतून उतरलेलं पाणी पुढे मुरतं. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातल्या फटी मिटतात. म्हणजे तुम्ही खोदलात तो खड्डा नव्हे, हौद. आता हिशेब करा. चार इंच, म्हणजे साधारण १०० मिलिमीटर खडीचा थर. एकाच मापाची खडी असेल तर त्यात सुमारे ४० टक्के पोकळी. ४० मिलिमीटर पाऊस पडला की हौद काठोकाठ. घट्ट चिकणमाती तासाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर पाणी घेते, म्हणजे पाऊस थांबल्यावर हौद रिकामा व्हायला वीस ते चाळीस तास. मधे दुसरी सर आली तर पाणी थेट गवतावर. त्यात छपराची पन्हळ त्याच अंगणात सुटत असेल तर हिशेबच नको.

असं एक अंगण मी उकलून पाहिलं आहे. वरून गवत स्वच्छ, हिरवंगार. टाच दाबली की भोकांतून गढूळ पाणी वर यायचं. कडेचे खिळे उपटून पट्टी उलटली तर खालची खडी चिखलात रुतलेली, बोटाने उकरावी लागत होती. खडी आणि माती यांच्यामधे कापडच घातलेलं नव्हतं. लोकांच्या चालण्याने, पाण्याच्या चढउताराने चिखल वर चढत गेला आणि पोकळी बुजली. घरात कुत्रं होतं, त्यामुळे वासाचं विचारू नका. तिथे दुरुस्ती नावाची गोष्ट नव्हती, सगळं काढून नव्याने करावं लागलं.

म्हणून कामाआधी एक चाचणी कराच. फूटभर खोल खड्डा घ्या, फावड्याने गुळगुळीत झालेल्या त्याच्या कडा खरवडा, पाणी भरा. ते पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाने पातळी मोजा. इंचभरही उतरली नसेल तर माती पाणी पिईल ही आशा सोडा. शोषखड्ड्याचा सल्ला देणारेही भेटतील. त्याच मातीत खोल खड्डा केला तर तो आणखी एक हौदच होणार.

पाणी बाहेर काढावंच लागतं. ओल्या मातीत खोदू नका, तळ लिंपल्यासारखा बंद होतो. तळालाच उतार द्या, घरापासून दूर, मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर. वरच्या खडीत उतार काढून उपयोग नाही, पाणी तळावरून वाहतं. तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरा, जोडाला फूटभर चढवा. प्लास्टिकचा कागद नको. सगळ्यात खालच्या कडेला चर घ्या, त्यातही कापड, थोडी खडी आणि तिच्यावर चार इंची सच्छिद्र पाईप, भोकं खाली करून. पाईपला शंभरास एक उतार पुरतो. वरून खडी भरून कापड मिटून घ्या. पाईपचं तोंड खड्ड्याच्या तळापेक्षा खाली उघडलं पाहिजे. तेवढी उंची मिळत नसेल तर खोदाई कमी करून कडेला पक्की किनार बांधा आणि थर जमिनीच्या वर उचला. तेही जमत नसेल तर पंपाची टाकी, पण ती शेवटचा उपाय.

खडीबद्दल माझं मत ठाम आहे: चिकणमातीवर डस्ट, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, घालायची नाही. डस्ट मिसळली की थर झकास बसतो, काँक्रीटसारखा दिसतो, म्हणून बरेच जण तेच करतात. त्या थराखाली पाणी पोचायलाच वेळ लागतो. खाली २० एमएमची धारदार, डस्ट नसलेली खडी, वर इंचभर बारीक खडी, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे थरथरत्या पत्र्याच्या धुम्मस यंत्राने, दाबून. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, ते टाळा. मातीत पहारीने भोकं पाडून त्यात खडी भरायची युक्तीही कुणीतरी सांगेल, ती फुकटची मेहनत आहे.

शिकवणारा निवडताना त्याच्या नव्या कामाचे फोटो बघू नका. जुनं काम, तेही पाऊस पडून गेल्यावर, दाखवायला तयार आहे का ते बघा. जो तयार होतो त्याच्या हाताखाली थोडे कमी पैसे मिळाले तरी थांबा.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एवढं लक्षात घ्या की यात नाजूक हातकाम फारसं नाही. लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी), दोरी आणि न कंटाळता मोजणं, एवढंच लागतं. पहिल्या कामाला उतार पुन्हा पुन्हा तपासाल, ते योग्यच आहे.

आणि गवत उलगडायच्या आधी खडीवर वरच्या टोकाला पाणी सोडा. खालच्या तोंडाशी एक माणूस उभा करा. तिथे पाणी आलं नाही तर रोल गाडीतच राहू द्या, मालक कितीही घाई करो. आलं, तर तोंडाला उंदीर शिरू नये म्हणून जाळी बसवा आणि गवताला हात घाला.