जिताड्याच्या डोळ्यातून पीसीआर बँड येत नव्हता: माझा अनुभव

जिताड्याची बोटुकली गोल गोल फिरत मरत होती. नोडाव्हायरसचा संशय होता, म्हणून मेंदू आणि डोळे पीसीआरने, म्हणजे जनुकाच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने, तपासायला घेतले. हा विषाणू चेतापेशींत वाढतो, तेव्हा नमुने हेच हवेत. मेंदूतून फिकट बँड (जेलवर दिसणारी त्या तुकड्याची पट्टी) आला, डोळ्यातून काहीच नाही. विशेष म्हणजे बीटा-अ‍ॅक्टिन, म्हणजे माशाचा स्वतःचा जीनसुद्धा डोळ्याच्या नमुन्यात दिसेना. याचा अर्थ 'विषाणू नाही' असा होत नाही. काहीतरी पीसीआर अडवतंय.

अडवत होतं मेलॅनिन. दृष्टिपटलाचा हा काळा रंग नमुन्यातून काढलेल्या आरएनएसोबत उतरतो आणि पीसीआरच्या एन्झाइमला बांधून ठेवतो. आरएनएच्या थेंबातच करडी झाक दिसत होती. मी आरएनए दहापट पातळ केला आणि पीसीआरमध्ये बीएसए (असे अडथळे स्वतःकडे बांधून घेणारं गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातलं. अ‍ॅक्टिन लगेच आला, आणि विषाणूचा सुमारे 430 बेस-जोड्यांचा बँडही ठसठशीत आला. अशा वेळी नवं महागडं किट मागवण्याआधी हे नक्की करून बघा.

या विषाणूचा जीनोम आरएनए-1 आणि आरएनए-2 अशा दोन भागांत असतो. बँडमधला हा तुकडा आरएनए-2 वरचा, म्हणजे कवच-प्रथिनाच्या जीनचा. बीटानोडाव्हायरसचे (माशांतल्या नोडाव्हायरसचे) चार प्रमुख जीनप्रकार याच भागावरून ठरतात. सीक्वेन्सिंग करून संदर्भ-क्रमांशी जुळवल्यावर आमचा आरजीएनएनव्ही (रेड-स्पॉटेड ग्रूपर नर्व्हस नेक्रोसिस व्हायरस) निघाला, उबदार पाण्यातला प्रकार.

तरी तेवढ्यावर थांबू नका. भूमध्य समुद्रातल्या माशांत एका प्रकाराचा आरएनए-1 आणि दुसऱ्याचा आरएनए-2 असे मिश्र विषाणू सापडले आहेत. म्हणून आरएनए-1 चा तुकडाही वाचून घेतला. तोही आरजीएनएनव्हीचाच होता.