ऊसतोडीला जाणाऱ्या पोरीला पदवीला बसवायचं तर

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्यातल्या बारावी झालेल्या पोरींचे मुक्त विद्यापीठाचे फॉर्म मी भरून देते. मी स्वतः कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहून शिकले. पोरी अभ्यासाच्या आधी ओटीपीवरच अडतात.

आधारला जोडलेला नंबर कधी बंद सिमचा असतो, कधी टोळी नेणाऱ्या मुकादमाचा. एका पोरीचा ओटीपी चुलत्याच्या फोनवर जायचा आणि चुलता कर्नाटकातल्या उसाच्या फडात, रेंज नाही. तीन दिवस आम्ही फोन लावत बसलो, तोवर मुदत संपली. तिच्या आईचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. म्हणून टोळी गावात आहे तोवर, जून लागताच पोरीला आधार केंद्रावर न्या आणि तिच्या स्वतःच्या फोनचा नंबर जोडून घ्या. त्याच फेरीत नावही बघा. लग्न झालेलं असेल तर आधारवर सासरचं आणि मार्कशीटवर माहेरचं नाव असतं. आधी ते जुळवा.

मग सरकारच्या डिजिलॉकर अ‍ॅपमधून एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर, काढा; त्यावरून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर डीईबी आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षणाचा ओळख क्रमांक. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाला २०२४पासून तो लागतोच. दोन्ही आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, फडात फोन हरवतात.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. तिथे मराठीतून बीए करता येतं. अभ्यास केंद्र गावाजवळचंच निवडा. कारखाना दरसाल बदलू शकतो.

जोडीला ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा एखादा कोर्स घ्यायचा असेल तर जानेवारीच्या सत्रातला घ्या. जुलै सत्राची परीक्षा ऐन हंगामात येते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एक जण परीक्षेला उठून गेला की दुसऱ्याचीही मजुरी बुडते. जानेवारी सत्राची परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास, पोरगी घरी आल्यावर होते. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्रासाठी परीक्षा फी भरावी लागते आणि केंद्रावर स्वतः जावं लागतं. फीचे पैसे उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) मिळाली की लगेच बाजूला काढायला सांगा.

निघण्याआधी व्याख्यानं आणि पुस्तकांच्या पीडीएफ मेमरी कार्डात भरून द्या. कोपीत वीज नसते, फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो. व्हिडिओ बघण्याइतकी चार्जिंग टिकत नाही. नुसता आवाज असला तर मोळ्या बांधतानाही एका कानात इयरफोन चालतो.

ती मुदत हुकलेली पोरगी यंदा पहिल्या वर्षाला आहे. परवा रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, “ताई, तिसरा घटक झाला, चौथ्याची पीडीएफ उघडंना.” फाइल जड होती. मी तिचे तीन तुकडे करून पुन्हा पाठवले.