पहिल्या मीटिंगला निघण्यापूर्वी

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची, पहिली मीटिंग बहुधा किरकोळ कारणाने हुकते: ती भरते त्या शाळेचे फाटक सापडत नाही, रविवारी मेगाब्लॉक निघतो, कामावरून सुटायला उशीर होतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली होती, मीटिंग दुसरीकडे हलवलेली होती आणि वॉचमनला काहीच माहीत नव्हते. परतीच्या वाटेवरची परमिट रूम मात्र उघडी होती. म्हणून अशा बारीकसारीक गोष्टींचा बंदोबस्त आदल्या दिवशीच करून ठेवावा.

त्याही आधी डॉक्टर. रोज, आणि विशेषतः सकाळपासून पिणाऱ्याने निश्चयाच्या भरात दारू एकदम बंद करू नये. हात थरथरणे, घाम आणि निद्रानाश एवढ्यावर भागले तर ठीक, परंतु काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, शुद्ध हरपते, आणि हे जिवावर बेतू शकते. ए.ए.च्या गटात डॉक्टर नसतो आणि तेथे औषधही मिळत नाही. केईएम, सायन, नायर किंवा जे. जे. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, हे खरे सांगावे. घरी दोन क्वार्टर सांगायची सवय झालेली असते. डॉक्टरांपुढे तरी चार म्हणावे. भरती होण्याची गरज निघाली तर ती आधी पुरी करावी. वांद्र्यात 1981 साली फादर जोसेफ परेरा यांनी सुरू केलेले कृपा फाउंडेशन किंवा पुण्याचे मुक्तांगण अशा ठिकाणी राहून उपचार घेता येतात, आणि तेथून बाहेर पडल्यावरही गट लागतोच.

गट शोधताना ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे सरकारी क्रमांकही निःशुल्क आहेत. फोनवर नुसता पत्ता घेऊन थांबू नये. मीटिंग मराठीत असते की हिंदीत वा इंग्रजीत, वार आणि वेळ कोणती, आत शिरायचे फाटक कोणते, जिना कुठला, सुट्टीत जागा बदलते का, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही विचारावे, कारण ओपन मीटिंगला घरचे माणूस सोबत चालते, तर क्लोज्ड मीटिंग दारूचा प्रश्न असलेल्यांपुरतीच असते. जागा पुष्कळदा पालिकेच्या शाळेतली किंवा चर्चच्या आवारातली असते. त्यावरून धर्माचा अर्थ लावू नये, ए.ए. कोणत्याही धर्माशी किंवा पक्षाशी बांधलेली नाही. आपल्याच वस्तीत कोणी ओळखीचे भेटेल अशी धास्ती वाटत असेल तर दोन-तीन स्टेशने पलीकडचा गट निवडावा. मात्र फार लांबचा नको. डोंबिवलीहून चर्चगेटला आठवड्यातून तीनदा जाणे दुसऱ्याच महिन्यात सुटते.

निघण्यापूर्वी पोटभर खावे, कारण रिकाम्या पोटी ओढ वाढते. रस्ताही ठरवून घ्यावा, म्हणजे नेहमीचे वाईन शॉप वाटेत येणार नाही. पैशांची चिंता नसावी: फी नाही, नोंदणी नाही, आणि वर्गणीची पिशवी फिरते तेव्हा नवख्याने काही न टाकल्यास कोणी पाहत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. त्या दिवशी घोट घेतला गेला असला तरी जावे आणि मागे गप्प बसून ऐकावे.

आत साधारण तासदीड तास जातो. एकेक जण नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही, आणि आडनाव तर सांगूच नये. तेथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, मग पलीकडच्या खुर्चीवर आपल्याच खात्यातले साहेब बसलेले का असेनात. दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ‘आपल्याला उमगलेला’ ईश्वर आहे. नास्तिकांनी तेवढ्यावरून उठून जाऊ नये. पहिला गट रुचला नाही तर दुसरा पाहावा, कारण प्रत्येक गटाची तऱ्हा निराळी असते.

घरच्यांची तयारी वेगळी करावी लागते. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉन ही 1951 पासूनची स्वतंत्र संघटना आहे. पत्नीने किंवा आईने तेथे स्वतःसाठी जावे, आपल्या माणसावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे. बायकोने बाटल्या शोधत फिरण्यात किती वर्षे गेली, हे आमच्या घरात कोणी मोजलेले नाही.

शेवटी कॅलेंडर काढून पगाराची तारीख, गटारी, 31 डिसेंबर आणि घरातले लग्न यांवर खूण करावी आणि त्या दिवशी कोणती मीटिंग गाठता येईल ते बाजूला लिहावे. पहिल्या मीटिंगमधून उठताना दोघांचे फोन नंबर कागदावर घ्यावेत. मोबाइल रागाच्या भरात फुटतो किंवा गहाण पडतो. त्यांतल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, ओढ नसताना, सहज फोन करून पाहावा, म्हणजे ओढ लागेल त्या रात्री नंबर फिरवताना संकोच आड येणार नाही.