अँटेना नंतर उतरवा, आधी घड्याळ बघा: हॅम रेडिओ, रास्पबेरी पाय आणि माझा वाया गेलेला पावसाळा

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. आमच्या दापोली तालुक्यात माड-पोफळी आडव्या, कौलं उडालेली, आणि मोबाईलला रेंज नावाची गोष्टच शिल्लक नाही. पुण्यातल्या बहिणीला "सगळे ठीक आहोत" एवढं सांगायला मला पाचव्या दिवशी बाईक काढून खेडच्या पुढे जावं लागलं. तिथून हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाचं, खूळ डोक्यात शिरलं. परवान्याची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली, व्हीयू३ वाला कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळाला. परीक्षेचं इथे लिहीत नाही, त्यासाठी सरकारचं सरल संचार पोर्टल आहे.

सेटअप साधा होता. रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, आम्ही नुसतं 'पाय' म्हणतो), यूएसबी साउंड कार्ड (पायला माइकचं इनपुटच नसतं हे मला तो घरी आल्यावर कळलं, हसू नका), त्यावर रेडिओतून संदेश पाठवणारं-वाचणारं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि रेडिओ म्हणून मायक्रोबिटएक्स. हा हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांचा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा एकच संच, १० वॅटच्या आसपास पॉवर, सर्किट आणि फर्मवेअर दोन्ही खुलं, म्हणून बिघडला तरी उघडून बसता येतं. अँटेना म्हणजे वीस मीटर बँडचा डायपोल, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर वायर, दोन माडांच्या मध्ये. माड डोलतो, त्यामुळे एक टोक पक्कं बांधू नका, कप्पीवरून सोडून खाली पाण्याचा कॅन लटकवा. नाहीतर पहिल्याच वाऱ्याला वायर तुटते.

मे महिनाभर १४.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची पद्धत) मस्त चाललं. रात्री ओटीवर बसून जपान, इटली ऐकायचो. मग जून लागला आणि सगळं बसलं. वॉटरफॉलवर, म्हणजे स्क्रीनवरच्या सरकत्या चित्रात, सिग्नलच्या रेघा दिसतात, कानाला ती किरकिर ऐकू येते, पण डीकोड शून्य, एकही संदेश वाचता येत नाही. आणि वाईट म्हणजे तीन-चारदा रीस्टार्ट केलं की एखाद्या वेळी चालायचं. आता हे बघितल्यावर कुणालाही काय वाटेल, लूज कॉन्टॅक्ट. मलाही तेच वाटलं. खारं वारं आहे, कनेक्टर हिरवा पडलाच असणार. अँटेना चार वेळा उतरवली, कोॲक्स (अँटेनाची केबल) बदलली, साउंड कार्ड नवीन मागवलं. घरात "पाय बंद पडला, पाय बंद पडला" एवढं ऐकून आजी एक दिवस तेल गरम करून घेऊन आली.

शेवटी चिपळूणच्या एका काकांना फोन केला, जुने मोर्सवाले, कॉम्प्युटरचा त्यांना मनापासून राग. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, तुझ्या यंत्रात वाजलेत किती?" मला राग आला खरं सांगतो. म्हटलं काका, मी डीकोडबद्दल विचारतोय. म्हणाले, "तेच सांगतोय, बघ आणि मग फोन कर." आणि ठेवला.

पाय २३ मिनिटं मागे होता.

हे नीट वाचा, कारण सगळे "वेळ सिंक करा" एवढंच म्हणून पुढे जातात. एफटी८ मध्ये १५ सेकंदांचे स्लॉट असतात, मिनिटाला चार. सिग्नल जातो १२.६४ सेकंद, उरलेल्या वेळात डीकोड. सगळं जग घड्याळाच्या त्याच ठोक्यावर सुरू करतं, तुमचं घड्याळ साधारण दोन-अडीच सेकंदांपलीकडे चुकलं की सिग्नल कितीही जोरात असो, सॉफ्टवेअरला काही कळत नाही. पाय ३ आणि ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही (५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते). बंद होताना, आणि मध्येमध्ये तासातून एकदा, तो वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवतो आणि सुरू झाला की तिथूनच पुढे मोजायला लागतो. नेट असेल तर लगेच दुरुस्त होतं, म्हणून मे महिन्यात मला पत्ताच लागला नाही. जूनमध्ये लाईट गेली की नेटही जातं. मग पाय त्या जुन्या वेळेवरच उठतो, तारीख बरोबर, तास जवळपास बरोबर, बघणाऱ्याला संशयच येत नाही. त्यात स्क्रीनवर वेळ युटीसी, म्हणजे जागतिक वेळ, आपली काढायला साडेपाच तास मिळवायचा मला कंटाळा.

आणि मधूनच चालायचं ते का? कारण डीकोडला २३ मिनिटं चुकल्याचं काही देणंघेणं नाही, १५ सेकंदांच्या ठोक्यात तुम्ही कुठे बसताय तेवढंच बघितलं जातं. रीस्टार्टनंतर योगायोगाने ठोका जुळला की चाललं. हे कळलं तेव्हा मी हसलो पण आणि रडायचाच बाकी होतो. डीकोड झालेल्या ओळीत डीटी नावाचा वेळेतला फरक दाखवणारा रकाना असतो, तिथे सगळ्यांसमोर एक-दीड सेकंद दिसायला लागले तर दोष तुमच्या घड्याळाचा.

उपाय स्वस्त आहे. डीएस३२३१ चं मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) लावा, पाच व्होल्टवरून नको, ३.३ वरूनच चालवा, नाहीतर पायशी बोलणाऱ्या आय२सीच्या तारांवर पाच व्होल्ट जाऊन पायचे पिन मरतील. शिवाय त्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं आणि आपण टाकतो साधा, चार्ज न होणारा सेल, पाचवर तो फुगू शकतो. पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये हे घड्याळ ओळखायला लावणारी ओव्हरलेची एक ओळ टाका आणि कार्डावर वेळ लिहून ठेवणारा तो प्रोग्राम, फेक-एचडब्ल्यूक्लॉक, काढून टाका, हे दुसरं लोक विसरतात. पण त्याच्या नादात निर्धास्त राहू नका, २ पीपीएम (दहा लाखात दोन) चूक म्हणजे नेट नसेल तर महिन्याला पाच सेकंदांपर्यंत घसरतं. म्हणून मी पुढे जीपीएस मॉड्यूल आणि त्यावरून घड्याळ जुळवणारा क्रोनी प्रोग्राम लावला. कौलांखाली उपग्रहांचा फिक्स मिळतो, पत्र्याखाली अवघड, तिथे अँटेना बाहेर काढा.

तयार इमेजवाल्यांबद्दल, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर आधीच भरून देणाऱ्यांबद्दल, माझं मत वाईट आहे. कार्डावर चढवली आणि चाललं, पण बंद पडलं की आत काय आहे ते तुम्हाला माहिती नाही आणि बनवणाऱ्यालाही आठवत नाही. काकांनी मला उत्तर न देता फोन ठेवला ते बरंच केलं, त्या दिवशी मात्र शिव्या घातल्या.

एक मात्र खडसावून सांगतो. पायच्या पिनवरून थेट ट्रान्समिट करायचे व्हिडिओ आहेत, पिनला वायर जोडा आणि झालं. नाही झालं. तिथून चौकोनी लहर निघते, ७ मेगाहर्ट्झवर पाठवलंत तर २१ वरही घाण जाते. ही वरची घाण अडवणारा लो-पास फिल्टर नसेल तर अँटेनाला हात लावू नका, आणि लायसन्स नसेल तर फिल्टर असला तरी नाही.

बाकी घाबरू नका. सोल्डरिंग माझं अजून गचाळ आहे, लिनक्स मी शोधून शोधूनच चालवतो. परवा रात्री लाईट गेली, वाडीतले सगळे एलईडी बल्ब आणि चार्जर एकदम गप्प, बँडवरची खरखर एवढी खाली गेली की एरवी कधी न दिसणारे सिग्नल वर आले. पाय सोलरच्या बॅटरीवर, जीपीएसचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतोय, डीटी ०.१. वायरमन दीड तासाने आला तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, अजून जरा थांबला असतास तर.