कोल्हापूर-दाजीपूर-मालवण-आंबोली गाडीने: आधी गव्याची वेळ, मग भरतीची, मग आपली

दिवाळी झाली की ओळखीतल्या कोणाचातरी फोन येतोच. सात दिवस सुट्टी आहे, गाडी घरचीच आहे, आईला अंबाबाईचं दर्शन हवंय, पोरांना समुद्र हवाय आणि मला जरा जंगल बघायचंय, तर कसं बसवू? पुण्याहून निघणार असाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. कोल्हापूर, तिथून राधानगरी-दाजीपूर, फोंडा घाट उतरून मालवण, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला आणि येताना सावंतवाडी-आंबोली. हा फेरा मी चार वेळा केलाय, त्यातले पहिले दोन साफ चुकले, त्यामुळे सांगायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

पहिल्या वेळी मी एक्सेल शीट केली होती, कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, जेवण कुठे, सगळं. ती दुसऱ्याच दिवशी कोलमडली, कारण अंतरं बरोबर होती पण वेळा चुकलेल्या. अंतरं खरं तर किरकोळ आहेत, पुणे-कोल्हापूर साधारण २३०, कोल्हापूरहून फोंडा घाटाने मालवण दीडशे-एकशेसाठ. पण जंगलात पहाटे आणि संध्याकाळीच काही दिसतं, समुद्र भरती-ओहोटीवर चालतो आणि कोल्हापुरात चांगल्या मटणाला दुपारी अडीचला गेलात तर पांढरा रस्सा संपलेला असतो. म्हणून प्लॅन करताना आधी जंगलाची सकाळ पक्की करा, मग समुद्राचे दोन दिवस तिथी बघून ठेवा आणि उरलेल्यात शहर बसवा. आपण नेमकं उलटं करतो, हॉटेल आधी बुक आणि बाकीचं मग बघू.

महिना कुठला हे आधी. नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी डोळे झाकून. फक्त नाताळ ते एक जानेवारी मालवणकडे फिरकू नका, तारकर्ली-देवबागचा रस्ता म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये जेमतेम दीड गाडीची पट्टी, त्यात समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आला की अर्धा तास गेलाच. मार्च-एप्रिलमध्ये पाणवठे आटलेले असतात त्यामुळे गवे दिसायचा चान्स जास्त आणि खाली हापूस, पण किनाऱ्यावर घामाने जीव जातो, आईबाबा सोबत असतील तर विचार करा. पावसाळ्यात हा फेरा करू नका, म्हणजे आंबोली करा खुशाल, पण जंगल बंद असतं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, म्हणजे मालवणात जाऊन फ्रीजमधली सुरमई खायची.

गाडी. एसयूव्ही हवीच असं काही नाही, आमची साधी हॅचबॅक आहे आणि तिने चारही वेळा निभावलंय. पण स्टेपनीत हवा आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी बघा, सगळे चार टायर बघतात आणि पाचवा विसरतात. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसीची तारीख, ब्रेक पॅड. भाड्याची सेल्फ ड्राइव्ह घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते बघूनच घ्या, आणि दिवसाला किती किलोमीटर फ्री ते विचारा, हा सगळा फेरा पुण्यापासून पुण्यापर्यंत आतलं फिरणं धरून हजाराच्या आसपास जातो. टाकी कोल्हापुरातच फुल करा. दाजीपूरकडे रेंज येते-जाते, तेव्हा मॅप ऑफलाइन घ्या, सुट्टे पैसे ठेवा, यूपीआयच्या भरवशावर जंगलात जाऊ नका.

पहिला दिवस सोपा. शनिवारी निघत असाल तर साडेपाचच्या आत नवले पूल ओलांडा, नाहीतर सगळं पुणं तुमच्याबरोबर निघालेलं असतं. खंबाटकी चढून साताऱ्याच्या पुढे नाश्ता, अकरापर्यंत कोल्हापूर. आता इथे एक सांगतो, गाडी घेऊन महाद्वार रोडला घुसायचा मोह आवरा. बिंदू चौकाच्या पार्किंगला नाहीतर हॉटेलवरच गाडी लावा आणि चालत किंवा रिक्षाने फिरा, पेठांमधले रस्ते आपल्या गाडीसाठी केलेलेच नाहीयेत. देवळात दुसऱ्या दिवशी पहाटे जा, गर्दी कमी असते. दुपारी जेवून झोपा काढा. (मिसळ खायची तर सकाळी, आणि सोबत पाव नाही तर स्लाइस ब्रेड येतो, त्यावरून वाद घालू नका, त्यांच्या गावात त्यांचंच खरं.)

संध्याकाळी मात्र गंगावेशीच्या कट्ट्यावर जाच. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध तिथेच ग्लासात. माझ्या मुलीने पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, गरम कसं काय, तापवलं कुठे, तेव्हा शेजारचे एक पैलवानी अंगाचे आजोबा म्हणाले, ‘बाळ, म्हशीच्या पोटातच तापतंय की.’ त्यांनी स्वतः उभ्याउभ्या तीन ग्लास संपवले. मग रांकाळ्यावर भेळ, आणि लवकर झोप.

दुसऱ्या दिवशी दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, आणि दोनच्या सुमाराला राधानगरीकडे निघा. पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, उसाच्या ट्रॅक्टरमागे किती वेळ जातो त्यावर पोचायचं अवलंबून, हंगाम नोव्हेंबरपासूनच सुरू होतो आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळणावर ओव्हरटेक करू नका, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो आणि ती कुठे डुलेल ते तो चालवणाराही सांगू शकत नाही. वाटेत धरण बघा. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतात, ना मोटर ना माणूस. पावसाळ्यात टीव्हीवर ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ अशी बातमी लागते ना, ती यांचीच.

मुक्काम राधानगरी किंवा दाजीपूरलाच करा, कोल्हापूरहून पहाटे येऊ म्हणणारे आठ वाजता पोचतात आणि मग जंगल रिकामं होतं अशी तक्रार करतात. हे अभयारण्य १९५८चं, महाराष्ट्रातलं पहिलं, क्षेत्र साधारण ३५१ चौरस किलोमीटर, २०१२ला पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला त्यात हेही आहे. मूळ नावच दाजीपूर गवा अभयारण्य, तेव्हा इथे गवा बघायला जायचं. वाघ दिसेल का, हे पहिलं वाक्य असेल तर ताडोब्याला जा. आतला रस्ता कच्चा आहे, दगड वर आलेले, तेव्हा आपली गाडी बाहेर लावून स्थानिक जीप आणि गाइड घ्या. पैसे वाचवायला जाऊ नका, तुम्हाला जिथे नुसती कारवीची झुडपं दिसतात तिथे गाइडला कानाची हालचाल दिसते. आदल्या संध्याकाळीच गेटवर जाऊन वेळ आणि परवानगी पक्की करा, फोनवर झालेलं बोलणं पहाटे कोणालाच आठवत नसतं. आम्हाला तिसऱ्या वेळी सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नऊ गवे दिसले आणि चौथ्या वेळी एकही नाही, फक्त एक शेकरू आणि भरपूर लेंड्या. असं होतं.

उलट सगळ्यात जवळून गवा दिसला तो जंगलाच्या आत नाही, रस्त्यावर. पहिल्याच ट्रिपला उशीर झाला होता, सातच्या पुढे अंधारात दाजीपूरकडे चाललो होतो, आणि हेडलाइटमध्ये अचानक रस्त्यावर चार पांढरे मोजे दिसले. नुसते मोजे. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात आणि बाकी अंग काळं, त्यामुळे रात्री आधी पायच दिसतात आणि वरचं सगळं धूड, मोठा नर हजार किलोपर्यंत जातो, ते अंधारातच मिसळलेलं असतं. मी ब्रेक मारला तेव्हा अंतर फार तर दोन गाड्यांचं होतं. तो हलला नाही. फुस्स करून एकदा श्वास सोडला, तो काच बंद असून ऐकू आला. बायको हळू आवाजात म्हणाली हॉर्न नको, आणि तेच बरोबर होतं. हॉर्न नको, अप्पर मारायचा नाही, खाली उतरून फोटो तर नाहीच, दिवे लो करून शांत बसायचं. तो गेल्यावरही लगेच निघू नका, त्याच्या मागे अजून पाच निघाले. तेव्हापासून आमचा नियम, साडेपाचनंतर घाटात किंवा जंगलाच्या रस्त्याला गाडी नाही म्हणजे नाही, एक ठिकाण बघायचं राहिलं तरी चालेल. आंबोलीलाही हेच लागू.

तिसऱ्या दिवशी सफारी करून, नाश्ता करून अकरा-बाराला फोंडा घाट उतरा. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडा, सारखा ब्रेक दाबत राहिलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. कणकवलीला हायवे लागतो आणि तिथेच हवा बदलते, एसी लावावाच लागतो. तीन-साडेतीनपर्यंत मालवण.

आता तिथीचा हिशोब, जो मला देवबागच्या होडीवाल्याने शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण प्लॅनला पुरतं, आणि कालनिर्णय घरात असतंच. तारीख ठरवताना मी आता अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस बघतो, कारण दुपारी पाणी आत गेलेलं असतं, पोरांना भलीमोठी वाळू मिळते आणि अमावस्या-पौर्णिमेसारखं उधाण नसतं. पाणी ओसरत असताना पोरांना गुडघ्याच्या पुढे सोडायचं नाही, ओहोटी आत ओढते.

आणि गाडी वाळूत घालायची नाही. मी घातलीय, म्हणून सांगतो. दुसऱ्या ट्रिपला तारकर्लीच्या बाजूला कडेची वाळू घट्ट दिसली म्हणून फोटोसाठी दहा फूट पुढे घेतली, पुढची चाकं बसली, मी ॲक्सिलरेटर दाबला तशी अजून बसली, पार बंपरपर्यंत. एक काका सायकल थांबवून बघत होते, म्हणाले, ‘गाडी कित्याक हय घातलास? आता भरती इली की कळतला.’ पाणी चाळीस पावलांवर होतं. शेवटी चाकातली हवा कमी केली, हाताने वाळू उपसली, फूटमॅट चाकाखाली घातले, तरी निघाली नाही, ट्रॅक्टर बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाल्याने किती घेतले ते अजून घरी खरं सांगितलेलं नाही.

मालवणचा मुख्य दिवस म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. सकाळची पहिली-दुसरी होडी धरा, उन्हात तटावर चालवत नाही. १६६४ला बांधायला घेतलेला किल्ला, आत शिवराजेश्वराचं देऊळ, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी. होडीवाले तासाभराची वेळ देतात, ती पाळा. स्कूबा करायचं तर तेही सकाळीच, दुपारी वारा सुटतो. जेवण घरगुती खानावळीत आधी फोन करून सांगून ठेवा, कोंबडी-वडे म्हणजे ऐनवेळी मागून मिळायची वस्तू नाही. शाकाहारी आईला घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी यावर आम्ही दोन दिवस आरामात काढले. आणि पहाटे कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबा, हात लावा, कोणी नाही म्हणत नाही.

पाचव्या दिवशी वेंगुर्ल्याकडे हायवेने न जाता परुळ्यावरून जा. रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या, पण भोगवे आणि निवतीच्या किनाऱ्यांसाठी तेवढं चालतं. या पट्ट्यात दिवसभरात ऐंशी किलोमीटरच्या वर ठरवू नका, कारण दर वळणावर कोणीतरी थांब म्हणतं.

सहाव्या दिवशी सावंतवाडीत मोती तलाव, लाकडी खेळणी, आणि दुपारी घाट चढून आंबोली. चारपर्यंत खोलीवर, मग हिरण्यकेशी नदीच्या उगमापर्यंत चालत. तिथल्या पाण्यातला छोटा मासा २०२०मध्ये नवीन जात म्हणून नोंदला गेला आणि त्यासाठी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली, तेव्हा कुंडात पाय, साबण, बिस्किटं काही नको. घाटातल्या माकडांनाही काही देऊ नका, ती मग पुढच्या गाडीच्या चाकाखाली येतात.

परत येताना आजरा-निपाणीवरून हायवे, आंबोलीहून पुणे साडेतीनशेच्या आसपास. आजऱ्यात घनसाळ तांदूळ मिळतो, दोन किलो घ्या. रविवार असेल तर सकाळी सातला निघा आणि दुपारी दोनच्या आत सातारा मागे टाका, चारनंतर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला जी रांग लागते ती लागते. आणि सोमवारी पहिलं काम, गाडी खालून धुऊन घ्या, वरून नाही, खालून, खाऱ्या हवेचं मीठ सायलेन्सरला चिकटलेलं असतं.